सावडीवर दिलेला कुत्रा

सतरा ऑगस्टला, दुपारी सव्वातीनच्या सुमारास, पवनानगरात प्रदीपच्या ओसरीवर संदेशच्या कुत्र्याने सगळ्यांदेखत संदेशवर दात विचकले आणि तो प्रदीपच्या बोटाखाली जाऊन बसला. कुत्रा हातचा गेला तो गेलाच.

असं काहीही झालेलं नाही. टाकवे बुद्रुकमध्ये ही गोष्ट याच अटीवर सांगता येते, कारण ऐकायला संदेश समोर बसलेला असतो आणि त्याचं म्हणणं असं, की कुत्रा त्याचाच आहे, फक्त सध्या पवनानगरात असतो. तेव्हा कुत्रा संदेशचाच आहे असं धरून चालू आणि पहिल्यापासून सांगू.

संदेश टाकव्याचा. वय सत्तावीस, तळेगावच्या एमआयडीसीत एका कंपनीत गाड्यांचे ब्रेक तपासायचं काम. घरी आई शालन, एक म्हैस आणि थोडं भाताचं रान. त्याने मोबाइलवर एक खेळ घेतला होता. त्याचं इंग्रजी नाव लांबलचक होतं म्हणून घरात सगळे त्याला नुसतं 'बेट' म्हणत. खेळ असा, की तुमचं जहाज फुटलेलं आहे आणि तुम्ही एका बेटावर एकटे उरलेले आहात. हजार मैलांत माणूस नाही, होडी नाही, रेडिओ नाही. तुम्ही जिवंत आहात हे जगात कुणाला ठाऊक नाही. आणि हे एकटेपण भोगायला इंटरनेट लागतं. चालू करण्यापुरतं नव्हे, सतत, श्वासासारखं. नेट गेलं की समुद्र जागच्या जागी थांबायचा, आभाळ करडं व्हायचं आणि मधोमध पाटी यायची, 'संपर्क तुटला आहे.'

"आरं, संपर्क तुटलाय म्हनूनच तर बेटावर पडलोय मी," संदेश त्या पाटीला समजावून सांगायचा. पाटीवर परिणाम व्हायचा नाही.

टाकव्यात नेट नाही, असं मात्र कुणी म्हणू नये. आहे. ते राहायला कुठे असतं एवढाच प्रश्न आहे. संदेशच्या घरी ते गोठ्याच्या पूर्वेच्या कोपऱ्यात, म्हैस आणि भिंत यांच्यामधल्या दीड फुटात राहायचं. म्हैस निवांत रवंथ करत उभी असली की सिग्नलच्या दोन काड्या. तिने अंग हलवलं की एक. शेपटी मारली की समुद्र थांबला. पाचच्या पाच काड्या फक्त कंपनीच्या गेटाच्या आत यायच्या, आणि आत शिरताच फोन गेटवरच्या लॉकरमध्ये ठेवावा लागे. तिथे तो फोन पाच काड्या घेऊन दिवसभर पडून असायचा, लोणावळ्यातल्या मालक नसलेल्या बंगल्यात दिवे जळत असतात तसा.

एवढा खटाटोप बेटासाठी नव्हता. बेटावर एक कुत्रा होता.

पिवळट रंगाचा, एक कान मोडलेला. तिसऱ्या दिवशी तो झाडीतून बाहेर येतो आणि लांब बसून राहतो. मग रोज त्याच्या पाठीवरून बोट फिरवायचं. बोट किती दाबतं, किती सावकाश जातं, कुठे थांबतं याची नोंद परदेशातल्या कुठल्याशा सर्व्हरवर व्हायची, आणि त्यावरून कुत्र्याला कळायचं की आपला माणूस आला. आता संदेशच्या बोटाची कथा अशी, की ब्रेकच्या भुकटीने त्याच्या रेषाच झिजून गेल्या होत्या. कंपनीच्या गेटवरचं हजेरीचं मशीन रोज सकाळी त्याच्या अंगठ्याला 'पुन्हा प्रयत्न करा' म्हणायचं. सिमकार्डाच्या दुकानात चार वेळा अंगठा देऊनही तो संदेश असल्याचं सिद्ध झालं नव्हतं आणि शेवटी कार्ड शालनच्या नावावर घ्यावं लागलं होतं. पण तेच झिजलेलं बोट पडद्यावर टेकलं, की कुत्रा धूळ उडवत धावत यायचा.

त्याने कुत्र्याचं नाव ठेवलं सुपरवायझर. कंपनीतल्या सुपरवायझरला जे म्हणता येत नव्हतं ते इथे म्हणता यायचं. "सुपरवायझर, बस." बसायचा. "सुपरवायझर, लाकूड आन." आणायचा. पहिला आठवडा सूड म्हणून गेला, मग माया कधी जडली ते संदेशलाही कळलं नाही. खेळात अट मात्र एक होती. चार दिवस कुणी फिरकलं नाही, तर कुत्रा माणूस विसरतो.

जुलैत टॉवर बंद पडला. कुणी म्हणे वीज पडली, कुणी म्हणे उंदीर. तीन दिवस झाले. म्हैस दगडासारखी स्तब्ध उभी राहिली तरी एक काडी येईना.

"तिच्यावर कशाला डाफरतो?" शालन म्हणाली. "तिनं काय गिळलंय का तुजं नेट?"

चौथ्या दिवशी त्याची साप्ताहिक सुट्टी होती. सकाळीच तो कान्हे फाट्याला आला, तिथून कामशेत, कामशेतला जीपमध्ये तेरावा म्हणून बसला आणि पवनानगरला श्रीपतीमामाकडे निघाला. जाताना त्याच्या पोटात जे जळत होतं ते भुकेने नव्हतं.

कारण मामाकडे प्रदीप होता. मामाचा मुलगा, संदेशपेक्षा चार महिन्यांनी लहान. धरणाच्या काठी त्याच्या बारा तंबूंचं कॅम्पिंग होतं आणि बाहेर पाटी होती, 'जगापासून दूर हरवून जा. वायफाय फ्री.' जमिनीखालून जाड केबल आली होती. ओसरीवर पाच काड्या, तंबूत पाच, पाहुण्यांच्या संडासातसुद्धा चार. एवढं असून प्रदीप स्वतः त्यावर काय करायचा, तर पाहुण्यांना पासवर्ड सांगायचा. चणे होते पण दात नव्हते. संदेशने सगळे दात घेऊन टाकव्यात म्हशीच्या शेपटीकडे बघत बसायचं, ही वाटणी कुणी केली असेल ती करो, पण भावकीला विचारून केलेली नव्हती.

"जय भीम, मामा," संदेशने दारातून म्हटलं आणि मामांनी उत्तर द्यायच्या आत पासवर्ड विचारला.

कुत्रा वाचला. तीन दिवस तेवीस तास झाले होते. सुपरवायझर किनाऱ्यावर तोंड पाडून बसला होता, बोट लागताच उठला. संदेशने डोळे पुसले आणि घाम पुसल्याचं दाखवलं.

आता रोज टाकव्याहून येणं होणार नव्हतं. इकडे मामांची भातलावणी खोळंबली होती, कारण माणूस मिळत नव्हतं. पावसाळ्यात कॅम्पिंग बंद, म्हणून प्रदीप रिकामा होता, पण त्याला लावणीला उभं करायला मामाच तयार नव्हते. प्रदीपने लावलेली ओळ मामांच्या मते साप गेल्यासारखी जायची.

तोडगा यशोधरावहिनीने काढला. ती प्रदीपची बायको. पवनानगरच्या झेरॉक्सच्या दुकानात अर्ज टाईप करून द्यायचं तिचं काम होतं, त्यामुळे घरातलं भांडण असो की लग्न, ती त्याच्याकडे विषय आणि संदर्भ या नजरेने बघायची.

"सावड करा की," ती म्हणाली. "संदेशभावजींनी हितं येऊन लावणी करायची. चिखलाच्या हातानं फोन धरता यायचा न्हाई, तर तितक्या दिवस ह्यांनी तुमचं कुत्रं बगायचं. कामाला काम."

आज मी तुझ्या रानात, उद्या तू माझ्या, अशी सावड मावळात सगळेच करतात. पण समुद्राने वेढलेलं रान सावडीत यायची ही पहिलीच वेळ असावी. मामांनी नियम सांगितला. "ह्ये बगा, सावडीला आलेला मानूस मजूर नसतो. परक्याचं म्हनून वरवर करायचं न्हाई. घरचं समजून करायचं. दोगांनी बी."

"व्हय मामा," संदेश म्हणाला. खात्याचा पासवर्ड त्याने प्रदीपच्या फोनवर स्वतः टाकला आणि स्वतःच्या तोंडाने म्हणाला, "घरच्यासारखं बग रं त्याला."

हे वाक्य पुढे पुरावा म्हणून वापरलं गेलं.

संदेशने उरलेल्या रजा टाकल्या आणि चिखलात उतरला. ब्रेक तपासणाऱ्या माणसाची नजर होती, सुताएवढा फरक त्याला खपायचा नाही. त्याच्या ओळी अशा पडल्या की रस्त्यावरून जाणारी जीप हळू व्हायची. मामा बांधावर उभे राहून हाताने हवेत रेघ मारून दाखवायचे. "बग, बग. ह्याला म्हनत्यात लावनी. परद्या, आलास का बगायला? न्हाई, तू नको येऊ, वाकडं व्हईल."

प्रदीप ओसरीवर फोन घेऊन बसलेला असायचा.

संदेशला या कौतुकाचं काही वाटलं नाही. तो कमरेत वाकून रोपं खोवायचा आणि दर ओळीच्या शेवटी मान वर करून ओसरीकडे बघायचा. प्रदीप हसताना दिसला की तो रोप हातात धरून तसाच थांबायचा. काय केलं असेल सुपरवायझरने? उडी मारली असेल? कान हलवला असेल? मोडका की चांगला?

"जेवला का त्यो?" तो चिखलातून ओरडायचा.

"दोनदा," प्रदीप ओरडायचा.

"मासा दिला का? त्याला मासा लागतो."

"भाजून दिला."

भाजून. संदेशने कधी भाजून दिला नव्हता. भाजायला चूल पेटेपर्यंत त्याच्याकडे म्हैस हलायची.

दुसऱ्या आठवड्यात त्याने हात धुऊन फोन बघितला तेव्हा बेट ओळखू येईना. झोपडीला ओटा झाला होता. विहीर होती. झोपडीमागे कंदांची लागवड होती आणि तिच्या ओळी सरळ होत्या, कारण खेळात रोप आपोआप रेघेवरच बसायचं. दाराशी कुत्र्यासाठी छोटी झोपडी, तिला खिडकी.

"कुत्र्याला खिडकी कशाला?" संदेशने विचारलं.

"त्याला समुद्र बगायला आवडतो," प्रदीप म्हणाला.

तीन महिने कुत्रा पाळून संदेशला हे माहीत नव्हतं. त्या दिवशी जेवताना वहिनीने वाढलेला माशाचा तुकडा त्याने ताटाच्या कडेला सारला.

लावणी उरकली. ऑगस्ट लागता टॉवरही आला. संदेशने खातं परत घेतलं, गोठ्यात गेला, म्हशीला चुचकारून कोपऱ्यात बसला. बेट उघडलं. पडद्यावर कुत्रा होता, आणि कुत्र्याच्या डोक्यावर नाव होतं मोत्या.

मोत्या. मावळात ज्याच्या दारात कुत्रा नाही त्याच्याही दारात मोत्या असतो. संदेश हळूच म्हणाला, "सुपरवायझर?" आणि बोट टेकवलं. कुत्रा मागे सरला. गुरगुरला. तेवढ्यात म्हशीने शेपटी मारली आणि समुद्र थांबला, कुत्रा गुरगुरलेला तसाच.

"नेटचा दोष हाय," संदेश शालनला म्हणाला. "सिग्नल पुरा पोचत न्हाई, म्हनून त्याला मी अर्धाच दिसतो."

"पुरा दिसलास की चावंल," शालन म्हणाली.

पुऱ्या सिग्नलवर खात्री करायला तो सतरा तारखेला पवनानगरला गेला. पुढचं जे झालेलं नाही ते असं.

ओसरीवर पाटावर फोन ठेवला. एका बाजूला संदेश, एका बाजूला प्रदीप. वहिनी पंच. पाच काड्या वहिनीने मोठ्याने मोजून दाखवल्या, म्हणजे नंतर हरकत नको. आधी संदेशने बोट टेकवलं, पाठीवरून सावकाश, मोडक्या कानापाशी थांबून, नेहमीसारखं. कुत्र्याने दात विचकले. मग प्रदीपने नुसता अंगठा जवळ आणला. कुत्रा शेपूट हलवत लोळण घेऊन उताणा झाला.

वहिनीने वेळ बघितली, सवयीने.

"तू फितवलंस त्याला," संदेश म्हणाला.

"मी मासे भाजले."

"नाव बदललंस."

"सुपरवायझर हाक मारली की त्यो दचकायचा. तुजा राग त्याच्यावर निगायचा, संद्या. त्यानं काय घोडं मारलंय तुजं?"

"कुत्रा माजा हाय. मी झाडीतून भाईर काडला त्याला."

"आन् मग? कसंल त्याची जमीन, पाळंल त्याचं कुत्रं. तूच म्हनलास, घरच्यासारखं बग. बगितलं. त्यो घरचा झाला. आता घरचा झाला म्हनून रडतोस."

"ही सावड व्हती, कूळकायदा न्हाई."

"वहिवाट माजी हाय," प्रदीप म्हणाला. "दिवसातलं सात तास. तू विचार सर्व्हरला."

संदेश उठला. "बरं. मग माजं काम मला परत दे," म्हणून तो थेट भाताच्या खाचरात उतरला. आपण लावलं ते आपण उपटायचं, हिशेब सरळ होता. त्याने पहिल्या ओळीतल्या पहिल्या चुडाला, रोपांच्या जुडग्याला, हात घातला, आणि ओळ बघितली. ती बांधापासून बांधापर्यंत अशी गेली होती की तिच्यावर पाण्याची पातळी तपासावी. एक चूड काढला असता तर तिथे फट दिसली असती. ब्रेक तपासणाऱ्या माणसाला फट सहन होत नाही. तो चुडाला धरून तसाच वाकून राहिला.

नेमके मामा तेव्हा कार्ल्याच्या दोन पाहुण्यांना बांधावरून रान दाखवत होते. "ह्यो बगा, ह्यो माजा भाचा. लावून मैना झाला तरी अजून येऊन हात फिरवून जातो. असं पोरगं आपल्या घरात निपजाया पायजेल व्हतं. आमच्यात निपजलं त्ये..."

मामांनी वाक्य सोडून दिलं. मागे प्रदीप येऊन उभा होता, हातात फोन घेऊन. पाहुण्यांनी धरणाकडे तोंड केलं.

"ऐकलंस?" प्रदीप संदेशला म्हणाला. आवाज चढवला नाही. "अठरा वर्सं हेच ऐकतोय. चौथीत तुला आमच्यात राहायला आनला तवापास्नं. संदेशचं अक्षर बग. संदेशचा भांग बग. लावनी तर सोडच. ह्या कुत्र्यानं मैनाभरात एकदा तरी मला वाकडं म्हनलं का? मी दिसलो की त्यो पळत येतो. माज्याकडं कुनी पळत आलं न्हाई आजवर. पाहुनं येत्यात, ती बी पासवर्ड मागाया."

संदेशच्या हातातून चूड सुटला. त्याच्या मनात पहिल्यांदाच आलं, की पाच काड्या असलेल्या माणसालाही काही जळत असेल. पण हा विचार टिकला नाही, कारण तेवढ्यात फोनमधून कुत्रा भुंकला आणि दोघांनीही एकदमच मान वळवली.

"एक करू," प्रदीप म्हणाला. "तू आबाला, तुज्या मामाला, घेऊन जा टाकव्याला. कायमचं. तुज्या वळी बगत बसत्याल. कुत्रा हितं ऱ्हाऊ दे."

मामा रागावतील असं सगळ्यांना वाटलं. मामांनी टोपी काढली, डोकं खाजवलं आणि विचार केला.

"शालनकडं म्हैस अजून दूध देती का?" त्यांनी विचारलं.

संदेशलाही खरं म्हणजे मामा चालले असते. मामा त्याला लांबून ओळखायचे, बोट न लावता. पण अदलाबदल म्हणजे कुत्रा प्रदीपचा झाल्याचं कबूल करणं, आणि ते त्याच्या जिभेला वळेना. "मामा कवाबी या," तो म्हणाला, "पर त्यो येगळा विषय हाय. कुत्र्याचा विषय येगळा."

'विषय' हा शब्द ओसरीवर ऐकू येताच वहिनी आत जाऊन कीबोर्ड घेऊन आली.

खेळात एका कोपऱ्यात 'आम्हाला लिहा' अशी चौकट होती. तिच्यात वारसनोंदीचा नमुना बसेल, हरकतीचा बसेल की वहिवाटीचा, यावर वहिनीने थोडा वेळ विचार केला आणि वहिवाटीचा निवडला. संदेश सांगत गेला, ती लिहीत गेली. प्रदीपने शेजारी बसून दोन ठिकाणी शुद्धलेखन सुधारलं, कारण अर्ज आपल्या वायफायवरून जाणार तर नीट जावा. अर्ज चौकटीत मावेना, तेव्हा कागदावर छापला, संदेशने खाली सही केली आणि त्याचा फोटो पाठवला. चिखलाचा एक ठसा त्यावर आला आहे तो कुणाचा, हे कोणत्याही मशीनला सांगता येणार नाही. अर्ज पुढीलप्रमाणे:

प्रति,
मा. व्यवस्थापक साहेब,
सर्व्हर विभाग, मौजे बेट, परदेश.

विषय : मौजे बेट येथील कुत्रा नामे सुपरवायझर ऊर्फ मोत्या याची वहिवाट अर्जदाराचे नावे कायम करणेबाबत.

महोदय,

वरील विषयास अनुसरून अर्ज करतो की, सदर कुत्रा अर्जदाराने खेळाच्या तिसऱ्या दिवशी झाडीतून बाहेर येताना प्रथम पाळला असून तो मामेभाऊ प्रदीप श्रीपती यांजकडे केवळ सावडीवर दिलेला होता. सावड म्हणजे मालकी नव्हे. कुत्र्याच्या राहत्या जागेच्या चतुःसीमा : पूर्वेस समुद्र, पश्चिमेस समुद्र, दक्षिणेस समुद्र, उत्तरेस खिडकी व त्यापलीकडे समुद्र. खिडकी प्रदीप यांनी बसवलेली असून ती काढू नये, कुत्र्यास आवडते.

तरी आपण स्वतः अथवा आपले मंडल अधिकारी यांनी बेटावर समक्ष येऊन पाच पंचांसमोर स्थळपाहणी करावी. बेटावर मनुष्यवस्ती नसल्याने पंच टाकव्याहून आणण्यात येतील. अर्जदाराचे बोट झिजलेले असल्याने अंगठ्याऐवजी खालील सही ग्राह्य धरावी. तसेच टॉवर बंद असणे, म्हैस हलणे अथवा अन्य कोणत्याही कारणाने संपर्क तुटल्यास, संपर्क पुन्हा होईपर्यंत, मग त्यास कितीही दिवस लागोत, कुत्र्याने अर्जदारास विसरू नये, असा लेखी आदेश कुत्र्यास देण्यात यावा व त्याची एक प्रत अर्जदारास मिळावी, ही नम्र विनंती.